काटा मधोमध

जावयाने चावी अर्धी फिरवली आणि तापमानाचा काटा खालून उठून सरळ मधोमध जाऊन उभा राहिला. इंजिन अजून सुरूही झालं नव्हतं. गाडी रात्रभर अंगणात उभी होती. बॉनेटवर हात ठेवला तर थंडगार, आणि काटा मात्र तासभर धावून आल्यासारखा.

"बघा ना, बाबा," जावई म्हणाला. "सुतासारखा सरळ. कधी हलायचं नाव नाही."

काटेमास्तरांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि पुन्हा लावला. गावात त्यांना याच नावाने ओळखत. बाकीचे मिस्त्री इंजिनं खोलायचे, हे डॅशबोर्ड खोलायचे. वेगाचा, पेट्रोलचा, तापमानाचा, कुठलाही काटा रुसला की गाडी त्यांच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये यायची. चाळीस वर्षं हेच केल्यावर इंजिनंही त्यांना समजायला लागली होती. घरातलं भिंतीवरचं घड्याळ मात्र कायम दहा मिनिटं मागे असायचं, आणि बायको हे येणाऱ्या-जाणाऱ्याला हौसेने सांगायची.

"काटा हलत नाही, पण पाणी उकळतं त्याचं काय?" मुलगी दारातून म्हणाली. सहा महिन्यांचं बाळ तिच्या खांद्यावर झोपलं होतं. "दोनदा झालं, बाबा. गावात फिरवा, काही नाही. उन्हात दीड-दोन तास सलग चालली की बॉनेटखालून वाफ. गोडसर वास येतो. काल इथे येतानासुद्धा तेच."

"वाफ आली, थांबलो, पाणी घातलं, निघालो," जावई म्हणाला. "खरंच तापली असती तर काट्याने सांगितलं असतं की नाही? बाबांनाच विचार."

मास्तरांनी विचारण्याची वाट पाहिली नाही. "तुम्ही आत जा, चहा घ्या," ते म्हणाले. "मी बघतो."

जुनी गाडी. जावयाने दोन महिन्यांपूर्वी कुणाकडून तरी घेतली होती आणि मग फोनवर कळवलं होतं. एवढा काटेमास्तर सासरा असताना आधी दाखवावी असं त्याला वाटलं नाही, याचा सल मास्तरांना होताच. पण जावयाला बोलणार कोण? आज त्यांना तीनशे किलोमीटर जायचं होतं. जावयाची नवी नोकरी, उद्या सकाळी हजर व्हायचं. घरातलं सामान टेम्पोने पुढे गेलेलं. निम्मा रस्ता सरळ होता. मग डोंगराचा लांबलचक उतार, आणि उताराच्या खाली सव्वाशे किलोमीटरचा मोकळा पट्टा. तिथे झाड नव्हतं, दुकान नव्हतं, फोनची रेंजसुद्धा नव्हती.

मास्तरांनी सीट मागे सारली, उताणे पडले आणि बॅटरी दातांत धरून डोकं डॅशबोर्डखाली घातलं. वायरींचा गुंता हाताने बाजूला करत ते वर सरकले. काय सापडणार ते त्यांना ठाऊक होतं. थंड इंजिनावर काटा मधोमध येतो तो एकाच कारणाने. इंजिनाकडून येणारी वायर कापायची आणि तिच्या जागी विजेला ठरावीकच वाट देणारा वाटाण्याएवढा एक तुकडा जोडायचा. तो तुकडा काट्याला दिवसभर एकच गोष्ट सांगत राहतो: सगळं ठीक आहे. इंजिन थंड असो, गरम असो, वितळायला आलेलं असो.

तुकडा सापडला. वर निळी कापडी पट्टी गुंडाळलेली होती. पट्टीच्या दोन्ही टोकांना मेण लावलेला दोरा होता, दोन वेढे आणि दोन गाठी.

मास्तर बराच वेळ तसेच पडून राहिले. दातांतली बॅटरी ओली झाली.

उन्हाळ्यात पट्टीचा गोंद सुटतो म्हणून वरून दोरा बांधायचा, ही युक्ती पंचक्रोशीत एकाच माणसाची होती. त्यांनी दाराच्या फटीत नख घालून रंग खरवडला. लाल रंगाखाली राखाडी निघाला. आता त्यांना गाडीही आठवली. सहा वर्षांपूर्वी जुन्या गाड्यांचा एक एजंट त्यांच्याकडे यायचा. गोड बोलायचा. म्हणायचा, "मास्तर, गिऱ्हाईक इंजिनाला घाबरत नाही हो, काट्याला घाबरतं. तेवढं त्याला गप्प करा." आणि मास्तर गप्प करायचे. तेव्हा त्यांना ती हातचलाखी वाटायची, कुणाला जमत नाही ते आपल्याला जमतं याची मौज वाटायची. दहा-बारा गाड्या झाल्या. मग त्यातल्याच एकीचं इंजिन डोंगराच्या उतारावर चालता चालता जाम झालं आणि ती कठड्याला घासत गेली, असं कानावर आलं. कुणाला काही झालं नाही, म्हणे. त्या दिवशी मास्तरांनी कानाला खडा लावला. पण बसवलेले तुकडे काढून आणायला ते कुणाच्या दारी गेले नाहीत.

त्यांनी पकडीने दोरा तोडला, तुकडा काढून सदऱ्याच्या खिशात टाकला आणि वायर सरळ जोडली. काटा झोपला, थंड इंजिनाला शोभेल असा.

पुढचे दोन तास त्यांनी मान वर केली नाही. रेडिएटर खोलून पाइपने धुतला, तर गंजाचं तांबडं पाणी निघत राहिलं. पाणी अडवणारी झडप बदलली, पंखा तपासला. मग इंजिन चालू करून ते रेडिएटरच्या तोंडाशी वाकून उभे राहिले. पाण्यात बुडबुडे येत होते. थांबतील म्हणून त्यांनी वाट पाहिली, पण ते थांबले नाहीत.

"हेडचं गॅस्केट गेलंय," जावई बाहेर आल्यावर मास्तर म्हणाले. "म्हणजे इंजिनाची आग पाण्यात शिरतेय. इंजिन खोलावं लागेल. चार दिवस."

"चार दिवस?" जावयाने घड्याळ पाहिलं. "बाबा, उद्या नऊला मला तिथे हजर व्हायचंय. पहिलाच दिवस आहे."

"बसने जा. ही दोघं राहू देत इथे. नाहीतर माझी व्हॅन न्या."

"व्हॅन? बाळाला घेऊन? तिला धड काचा नाहीत." जावई हसला, मग सासऱ्याचा चेहरा पाहून थांबला. "तुम्ही एवढं केलंत ना आता? रेडिएटर धुतला, झडप बदलली. पोचेल की. पोचल्यावर तिथे खोलून घेतो, शब्द देतो."

मुलगी बाळाला घेऊन पायरीवर उभी होती. ती नवऱ्याकडे बघत नव्हती, बापाकडे बघत होती. लहान असताना तिने शाळेत सांगितलं होतं, माझे बाबा गाड्यांना खरं बोलायला शिकवतात. बाईंनी ते मास्तरांना कौतुकाने कळवलं होतं आणि मास्तरांनी ते वर्षभर गावभर केलं होतं.

"बाबा, खरंच एवढं आहे का?" तिने विचारलं. "तुम्ही म्हणालात तर मी नाही जात. पण काटा तर कधीच वर गेला नाही. मग एवढी तापलीच कशी?"

मास्तरांचा हात खिशावर गेला. तुकडा कापडातून बोटाला लागला. सांगायला चार वाक्यं पुरली असती. ते चेहऱ्यावरचा घाम पुसत राहिले आणि ती चार वाक्यं आतल्या आत उलटसुलट करत राहिले. प्रत्येक वेळी पहिलं वाक्य 'मी' पासून सुरू होत होतं. जावयासमोर, तिच्यासमोर. त्यांना लाज वाटली, आणि मग लाज वाटली याचा राग आला.

"काटा अडकला होता," ते म्हणाले. "आता सोडवलाय."

"एवढंच ना," जावई म्हणाला.

मुलीने श्वास सोडला. तिच्या आईने आतून टिफिन आणला.

मग मास्तर एवढं बोलले, की बायकोलाही नवल वाटलं. दर तासाला थांबायचं, वीस मिनिटं. काटा मधल्या रेघेच्या वर चढला की गाडी बाजूला घ्यायची, इंजिन बंद, बॉनेट उघडं. झाकणाला हात लावायचा नाही. एसी लावायचा नाही. काट्यावर डोळा ठेवायचा, तो सांगेल ते ऐकायचं. त्यांनी मागच्या सीटखाली पाण्याचे दोन कॅन ठेवले. मुलगी मान डोलवत होती. दहाला गाडी निघाली. वळणावर जावयाने हात हलवला, मुलीने बाळाचा हात धरून हलवला.

साडेअकराला फोन आला. मागे बाळ रडत होतं.

"बाबा, काटा वर गेला. थांबलोय आम्ही."

मास्तरांचा जीव भांड्यात पडला. "शहाणी माझी पोर. अर्धा तास थंड होऊ द्या. आणि ऐक, वळा आणि परत या. उद्याचं उद्या बघू."

फोन जावयाने घेतला. आवाजात आदर होता, पण मोजून मापून. "बाबा, राग मानू नका, पण आधी असं होत नव्हतं. तुम्ही हात लावायच्या आधी काटा एवढा कधी चढला नव्हता. काहीतरी सैल राहिलं असेल का?"

"सैल नाही. आता तो खरं दाखवतोय."

"हो, हो," जावई म्हणाला. एखाद्या म्हाताऱ्याला म्हणावं तसं.

त्यानंतर मास्तरांनी काम काढलं नाही. एक माणूस वेगाचा काटा घेऊन आला, त्याला उद्या ये म्हणाले. पत्र्याखाली बसवत नव्हतं, तरी ते तिथेच बसले. बाहेरचा रस्ता उन्हाने पांढरा पडला होता, कुत्रीसुद्धा गटाराच्या सावलीला गेली होती. खिशातला तुकडा त्यांनी दोनदा काढून पाहिला. नीट बसवलेलं काम होतं. सहा उन्हाळे गेले, तरी गाठ सुटली नव्हती.

ते परत येतील, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. आले की आधी तुकडा तिच्या हातावर ठेवायचा आणि मग जे काय ऐकून घ्यावं लागेल ते ऐकून घ्यायचं.

पावणेदोनला फोन वाजला. बाळ रडत नव्हतं. मुलीचा आवाज मोकळा होता.

"बाबा, झालं काम. उगाच घाबरवलंत आम्हाला."

"कुठे आहात?"

"उतार सुरू होतो ना, तिथे एक गॅरेज लागलं. साधंच आहे, पण माणूस हुशार निघाला. यांनी त्याला सगळं सांगितलं, काटा आधी अडकला होता, सासऱ्यांनी सोडवला, तेव्हापासून सैल झालाय. त्याने खाली डोकं घातलं आणि दहा मिनिटांत ठीक केलं." ती हसली. "त्यानंतर आम्ही एकदाही थांबलो नाही. एसी लावलाय. बाळ गाढ झोपलंय."

मास्तर उठून उभे राहिले. "काटा कुठे आहे?"

"मधोमध. हलतच नाही."

"गाडी थांबव. आत्ता. त्याला सांग, आत्ता थांबव."

"काय? बाबा, तुटतंय तुमचं बोलणं. उतारावर आहोत आम्ही."

"तो काटा खोटा आहे. ऐकतेस ना? वायरीत तुकडा घालतात, मग तो हलत नाही. आपल्या गाडीतही होता, सकाळी मी काढला. मीच बसवला होता तो, सहा वर्षांपूर्वी. माझ्या हाताने. तुझ्यासमोर बोलवेना मला. तू फक्त गाडी थांबवायला सांग, बाळा. मग मला काय बोलायचं ते बोल."

पलीकडून काही आलं नाही. मास्तरांनी फोन कानापासून काढून पाहिला. तो केव्हाच कट झाला होता. त्यांनी पुन्हा लावला. मग जावयाचा लावला. मग पुन्हा तिचा. बाईचा शांत आवाज प्रत्येक वेळी तेच सांगत होता, संपर्क क्षेत्राच्या बाहेर.

त्यांनी खिळ्यावरची व्हॅनची किल्ली काढली. रिकामा कॅन उचलून ते नळापाशी गेले आणि तोटी पूर्ण सोडली. पाणी सावकाश येत होतं.

मागच्या दारात बायको आली. हातात सुपली होती.

"अहो, तिचाच होता ना फोन? काय म्हणाली? ठीक आहे ना गाडी?"

मास्तर कॅनच्या तोंडाकडे बघत होते.

"काटा मधोमध आहे म्हणे," ते म्हणाले.

"मग चांगलंच की," ती म्हणाली. "मी आपली सकाळपासून उगाच जीव टांगणीला लावून बसले होते." आणि सुपलीतले तांदूळ पाखडत ती आत गेली.