एका घरात दोन राउटर

बाई शाळेत अकरा वर्षं संगणक शिकवत होत्या, म्हणजे मुख्यतः मुलांच्या हातातून माउस सोडवत होत्या. चव्वेचाळिसाव्या वर्षी त्यांनी नेटवर्किंगची परीक्षा द्यायचं मनावर घेतलं. घरच्यांनी भरघोस पाठिंबा दिला: कपडे वाळत घालायच्या खोलीतला कोपरा. तिथे जुन्या बाजारातला एक राउटर आणि अनेक यंत्रं एकमेकांना जोडणारा डबा, म्हणजे स्विच, येऊन बसला. स्विचचा पंखा असा घोंघावायचा की सासरे विचारत, "सूनबाई, हे उडणार कधी?"

शनिवारी सकाळी घरचं इंटरनेट गेलं. नवरोबांची मीटिंग ऐन रंगात होती आणि तेच बोलत होते, त्यामुळे जगाचं नेमकं किती नुकसान झालं ते कळायला मार्ग नाही.

"तुझ्या त्या भंगारामुळेच!" ते गरजले.

"माझं सामान घरच्या नेटला जोडलेलंच नाही," बाई ठसक्यात म्हणाल्या.

इंटरनेट कंपनीचा माणूस आला. त्याने घरचा राउटर बंद केला, चालू केला आणि हात जोडायचेच काय ते बाकी ठेवले. नेट ढिम्म. "वरूनच प्रॉब्लेम आहे," त्याने छताकडे बोट दाखवून निदान केलं.

बाईंनी नवऱ्याचा लॅपटॉप ओढला. नेटवर्कमध्ये प्रत्येक यंत्राला एक पत्ता मिळतो. या घरात तो कायम १९२ने सुरू व्हायचा. आज दहाने होता. आणि दहाचे पत्ते वाटणारा घरात एकच महाभाग होता, कोपऱ्यातला. नवरा बरोबर होता. अठरा वर्षांच्या संसारात असा प्रसंग नवा होता.

त्यांनी कोपऱ्यातली एकेक केबल हाताने चाचपली. स्विचमधून निघालेली एक वायर इस्त्रीच्या टेबलामागून थेट भिंतीतल्या, घरच्या नेटच्या सॉकेटमध्ये घुसली होती.

"ही कुणी लावली?"

"मी!" सासरे अभिमानाने पुढे आले. "लोंबकळत होती. समोर भोक रिकामं दिसलं. टक्‌ करून बसली बघ."

बाईंनी वायर उपटली, लॅपटॉप पुन्हा जोडला. नेट आलं.

"काय केलंत, वहिनी?" कंपनीचा माणूस चकित झाला.

"पत्ते वाटणारे दोघं झाले होते. जो आधी ओरडेल, यंत्र त्याचंच ऐकतं. माझ्यावाला आधी ओरडला, पण त्याला बाहेरचा रस्ताच ठाऊक नाही."

त्याने मान डोलावली आणि तक्रारीच्या कागदावर लिहिलं: 'राउटर बंद-चालू करून दुरुस्त.' मग हळूच म्हणाला, "अशा तक्रारी रोज येतात हो. जरा चित्र काढून द्याल?"

बाईंनी काढून दिलं. काढता काढता त्यांच्या लक्षात आलं, पुस्तकातलं हेच प्रकरण आपण पाच वेळा वाचलं आणि पाचही वेळा सराव परीक्षेत त्यावरचा प्रश्न चुकवला. माणूस गेल्यावर त्या सासऱ्यांकडे वळल्या.

"मामंजी, ती वायर परत तशीच टक्‌ करून बसवा बरं."

"अगं, माझी मीटिंग!" आतून आवाज आला.

"पाचच मिनिटं," म्हणत बाईंनी वही उघडली.