कमलीबाईच्या विहिरीचं पान

मित्रांनो, मी मानोऱ्याजवळच्या एका तांड्यावरच्या शाळेतला जुना टॅब आहे. माझी काच तडकली आहे, चार्जर तिरपा धरल्याशिवाय मी चार्ज होत नाही. पण माझं दुखणं ते नाही.

कारंज्याहून येणाऱ्या अनिसा मॅडमना पुस्तकातल्या निबंधांचा भारी कंटाळा. "जे कोनी वाचतच नाही, ते कायले लिवायचं?" असं म्हणत त्यांनी मुलांना इंटरनेटवरच्या एका खुल्या ज्ञानकोशात मराठीतून लिहायला लावलं. तिथे कुणीही पान लिहावं, कुणीही सुधारावं. घरी गोरमाटी ही बंजारा बोली बोलणाऱ्या सहावीतल्या अंजूने तांड्याच्या विहिरीवर लिहिलं. दुष्काळात ती विहीर तिची आजी कमलीबाई आणि आणखी अकरा बायांनी खोदली होती. कुण्या अनोळखी माणसाने तिचं शुद्धलेखन सुधारलं, वर शाबासकीही दिली. काय मिरवली पोरगी! खरं सांगतो, मीही मिरवलो.

खातं मात्र अंजूच्या बापाच्या, राजपालच्या नंबरावर उघडलं होतं. दिवाळीनंतर तो बायको-पोरीला घेऊन ऊसतोडीला गेला. म्हातारी तांड्यावरच राहिली.

आठवड्याभरातच पानावर सूचना झळकली: पुरावा द्या, नाहीतर सात दिवसांत पान काढू. उत्तर त्याच खात्यावरून द्यायचं होतं. मॅडम खातं उघडायला गेल्या, तर ओटीपी राजपालच्या फोनवर. त्यांनी त्याला फोन लावला.

"तुमीच पालकसभेत सांगतलं ना, ओटीपी कोनालेच सांगू नका म्हून? मॅडमचा आवाज काढून कोनी बी बोलन," असं म्हणून त्याने फोन ठेवला. पुन्हा उचललाच नाही. आठव्या दिवशी पान गेलं.

कमलीबाई रोज शाळेच्या पायरीवर येऊन बसायची. "माही हीर हाये ना त्याच्यात?"

"हाये, आजी," मॅडम म्हणायच्या आणि मला ओढणीखाली झाकायच्या. मला फार लाज वाटायची.

संक्रांतीनंतर कमलीबाई वारली.

होळीला अंजू परतली ती थेट माझ्याकडे आली. पान नाही हे कळल्यावर ती रडली नाही. "मॅडम, आता पुरावा कोनाले मागू?" एवढंच म्हणाली. मॅडमच रडल्या. त्यानंतर अंजूने माझ्यावर एक ओळ लिहिलेली नाही.

मित्रांनो, माझ्यात आवाज टिपायचं बटण आहे. कमलीबाई दोन महिने माझ्यापासून हातभर अंतरावर बसून विहिरीची हकिगत सांगत होती. कुणालाच सुचलं नाही. तुमच्या घरातलं म्हातारं माणूस बोलायला लागलं, की माझ्यासारख्याला जवळ घ्या आणि ते बटण दाबा. आम्हाला स्वतःहून दाबता येत नाही.