सोळावा लाडू

शेषगिरी अण्णा धारवाडच्या कोर्टात तीस वर्षं शिरस्तेदार होते आणि निवृत्त झाल्यावर चोर पकडत. छंद म्हणून. अमरगोळच्या एका अडत्याची हरवलेली बैलजोडी त्यांनी घरबसल्या, नुसता शेणाचा रंग विचारून शोधून दिली होती. त्यामुळे १९७८च्या वैशाखात, सुभाष रोडवरच्या कापडदुकानदार रामचंद्रअप्पांच्या मुलीच्या लग्नात चंद्रहार गेला, तेव्हा अप्पा पोलिसांकडे न जाता अण्णांच्या कानाशी लागले.

"विहिणीनं सकाळी पोरीच्या गळ्यात घातलेला हार, अण्णा. तिनं साडी बदलताना काढला, तेवढ्यात गेला. सूनमुखाला गळ्यात दिसला नाही तर तिला जन्मभर ऐकवतील. आणि बोभाटा झाला तर आत्तापासून."

"सूनमुख कधी?"

"ही शेवटची पंगत उठली की."

चोर कोण, ते अण्णांनी ओळखलं होतं. फक्त तोंड माहीत नव्हतं. अळणावरपासून हुबळीपर्यंत सहा लग्नांत हेच घडलेलं. दागिना जायचा आणि आहेरात नाव न घातलेला, जाड पत्र्याचा स्टीलचा डबा निघायचा. आज इथल्या आहेरातही तो होता. आधी आहेर, मग चोरी. फुकट जेवणं त्याच्या तत्त्वात बसत नसावं. अण्णांना त्याच्याबद्दल आदरच होता. त्यांच्या सख्ख्या मेहुण्यानं इतका चांगला डबा कधी दिला नव्हता.

मांडवात तीनशे माणसं. अण्णा एकच प्रश्न विचारत फिरले, "काय, लग्न कसं वाटलं?" कुणाचा मान द्यायचा राहिला होता, कुणाला सनई बेसूर लागली, एका काकांच्या मते तर मांडवाची दिशाच चुकली होती. रेशमी कुडत्यातला एक पन्नाशीचा गृहस्थ तेवढा म्हणाला, "उत्तम! सगळंच उत्तम."

तिथंच निकाल लागला. लग्नात ज्याला काहीच खुपत नाही, तो नातेवाईक असूच शकत नाही.

शेवटच्या पंगतीत अण्णा त्याच्या शेजारच्या पाटावर जाऊन बसले.

"मी प्रभंजन," गृहस्थ हळूच म्हणाला. "बैलांची केस ऐकलीय तुमची. शेण! काय डोकं म्हणायचं!"

अण्णा लाजले. "डबे छान असतात तुमचे."

"इथं जाड मिळत नाहीत. मागवतो." त्यानं घड्याळ पाहिलं. "पावणेचारची गाडी आहे माझी."

"जा की," अण्णा म्हणाले आणि त्यांनी भात मागितला.

प्रभंजनचा चेहरा उतरला. ओळीत सगळ्यांत वडील अण्णा. ते जेवत असताना पानावरून उठायचं? चोर झाला म्हणून काय झालं, वळण होतं त्याला.

वरणभात झाला, ताकभात झाला. मग अण्णांनी पुन्हा वरणापासून सुरुवात केली. बाकीची पंगत हात वाळवत बसली.

प्रभंजननं डाव टाकला. "अहो, अण्णांना लाडू वाढा! पाच! माझ्या आग्रहाचे!"

अण्णांनी पाचही खाल्ले आणि आणखी मागितले.

अकराव्याला प्रभंजन कुजबुजला, "साकु, अण्णा, साकु. पुरे. गाडी गेली माझी."

"सातला दुसरी आहे. तोवर मी बसतो."

खांबाशी रामचंद्रअप्पा हात जोडून उभे होते, देवाला की अण्णांना ते कळत नव्हतं. दारात नवरी पदरानं गळा झाकून. सोळावा लाडू अण्णांच्या ओठांपर्यंत गेला, तोंड उघडेना. त्यांनी एकदा नवरीकडं पाहिलं आणि डाव्या हातानं स्वतःची हनुवटी खाली ओढली.

"नको!" प्रभंजन कळवळला. कनवटीची पुरचुंडी काढून त्यानं अण्णांच्या मांडीवर ठेवली. "हरलो मी. असा माणूस बुंदीनं जाता कामा नये. ठेवा तो खाली."

अप्पांनी उपरण्याखालून हार नेला. नवरीनं पदर सोडला.

"आता उठा, अण्णा."

"प्रयत्न करतोय," अण्णा म्हणाले.

त्यांना उठवायला चौघं लागले. दोघं मुलीकडचे, एक मुलाकडचा. चौथ्यानं सगळ्यांत जास्त जोर लावला, अण्णांच्या हातावर स्वतः पाणी घातलं आणि मग सातच्या गाडीला निघून गेला.