उजवीकडचा तबला

"चोर आहेस तू! सरळ चोर म्हणतो मी तुला!"

आबा फणसळकरांनी हेडफोन काउंटरवर आदळला, तसे शेजारच्या रसवंतीचे घुंगरू थांबले. हातात ग्लास धरूनच पाच-सहा माणसं बाहेर आली. कोपरीतल्या रणरणत्या दुपारी फुकटचा तमाशा कोण सोडतो?

दगडूनं सोल्डरिंग गन बाजूला ठेवली. "आबा, शब्द जरा जपून वापरा."

"तू मला शब्द शिकवणार? माझ्या मुलानं मस्कतहून आणलाय हा. उजवीकडचा अस्सल स्पीकर काढून घेतलास आणि कुठलातरी भिकार माल आत कोंबलास. तबला ऐकूच येत नाही!"

दुकान गुणाजी कोळ्याचं. खाडीतली मासळी संपत आली तेव्हा त्यानं होडी विकली आणि टेपरेकॉर्डर-रेडिओचं दुकान टाकलं. त्याला स्वतःला त्यातलं ओ की ठो कळत नसे. दुकान चालत होतं ते दगडूच्या हातावर, आणि तेही गेली अकरा वर्षं.

दगडूची एक खास चीज होती. साबणाच्या प्लॅस्टिकच्या डबीत तो तीन बटणं बसवून द्यायचा. एक खर्जाचं, एक टिपेचं आणि एक डाव्या-उजव्या बाजूचं. डबीची एक वायर टेपला, दुसरी हेडफोनला. गिऱ्हाइकाला तो कधी विचारायचा नाही की तुम्हाला आवाज कसा आवडतो. डोळे मिटायला लावायचा, कॅसेट सुरू करायचा आणि बटणं फिरवत त्याच्या कपाळाकडे बघत बसायचा. तोंडानं माणूस वाटेल ते सांगतो, कपाळाला थापा मारता येत नाहीत. कपाळावरची आठी मोडली की दगडू थांबायचा आणि बायकोच्या, रंभाच्या, नेलपॉलिशनं बटणाशी लाल ठिपका द्यायचा. हा त्या माणसाचा आवाज. शीळफाट्यापासून लोक यायचे आपला ठिपका मारून घ्यायला.

आबा महिन्यात तिसऱ्यांदा आले होते. नौपाड्यात त्यांचा चाळीस वर्षांचा गाण्याचा क्लास, बोलणं पुण्याचं, धोतर परीटघडीचं. पहिल्या खेपेला दगडूनं हेडफोन आधी स्वतः घालून पाहिला आणि मग त्यांच्या हातात दिला. आबांनी खिशातून रुमाल काढून दोन्ही गाद्या सावकाश पुसल्या आणि मगच कानाला लावल्या. बोलले काही नाहीत. असला रुमाल दगडूनं लहानपणापासून पाहिला होता, त्याला बोलायची गरज नसते. त्याच घटकेला हा म्हातारा त्याच्या मनातून उतरला.

तरी काम त्यानं चोख केलं. टीप कमी केली, खर्ज आवरला. पण कपाळावरची आठी काही जाईना. दुसऱ्या खेपेला आबा म्हणाले, तबला दबतोय. त्या कॅसेटमध्ये गाणं डावीकडे होतं आणि तबला उजवीकडे. दगडूनं बाजूचं बटण बरंच उजवीकडे सरकवलं, तरी आठी तशीच. हेडफोन एक रात्र दुकानात ठेवून घेतला, दोष सापडला नाही. असं त्याच्या धंद्यात कधी झालं नव्हतं. आणि आज ही तिसरी खेप.

गुणाजी गल्ल्यामागून उठला. गर्दी बघूनच त्याला घाम फुटला होता. "दगडू, मना पोलिसाचा लफडा नको. काढला असशील तं आताच्या आता देऊन टाक. नाय तं उद्यापासून येव नको."

आबांच्या शिवीनं जेवढं लागलं नव्हतं तेवढं हे लागलं. अकरा वर्षांत या माणसाच्या दुकानातला स्क्रूसुद्धा त्यानं घरी नेला नव्हता.

"शेठ, तुम्ही पण?"

"मी काय बोलत नाय. गिऱ्हाईक बोलतंय."

दगडूनं सगळ्यांसमोर हेडफोन उघडला. दोन्ही स्पीकर काउंटरवर उताणे ठेवले. एकच छाप, एकच अक्षरं, एकच मस्कती माल. "बघा. आंधळा पण सांगेल."

"दोन्ही बदलले असशील!" आबांचा आवाज आणखी चढला.

दगडूनं हेडफोन जोडून गुणाजीच्या डोक्यावर चढवला. गुणाजीनं तोंड उघडं टाकून ऐकलं. "वाजतंय की दोनी बाजूला. तबला पन हाय."

"तुम्ही सगळे एकाच माळेचे मणी! अरे, बावीस वर्षं माझ्या उजव्या हाताला साथीला बसणारा तानाजी. त्यानं मुद्दाम हळू वाजवायला सुरुवात केली. त्याला मी भर क्लासात सांगितलं, तुझा हात मेला, ऊठ इथून. उठवला. त्याची गय केली नाही मी, तिथे तुझी काय मातबरी?"

रसवंतीवाला आबांच्या उजव्या अंगाला उभा होता. म्हातारा उन्हात लाल झालेला बघून तो म्हणाला, "आबा, सावलीत या जरा." आबा ढिम्म. गलक्यात त्यानं पुन्हा हाक मारली, जरा मोठ्यानं. आबांची मान हलली नाही. तिसऱ्यांदा त्यानं खांद्याला हात लावला तेव्हा आबा दचकून गर्रकन वळले.

दगडू बघत होता. आणि मग त्याला सगळं कळलं. आठी का मोडत नव्हती तेही, आणि तानाजीचं काय झालं तेही.

एखादा भला माणूस असता तर त्यानं आबांना हाताला धरून आत नेलं असतं, पडदा ओढला असता, हळूच सांगितलं असतं. दगडूला त्या घटकेला भलं व्हायचं नव्हतं.

"आबा, हेडफोन उलटा घाला."

"म्हणजे?"

"उजवा डाव्या कानाला, डावा उजव्याला. घाला. सगळे बघतायत."

आबांनी घातला. दगडूनं कॅसेट सुरू केली. क्षणभर काही नाही आणि मग आबांचा चेहरा एकदम सैल पडला.

"तबला..." ते म्हणाले.

"वाजतोय?"

"वाजतोय. स्वच्छ."

"आणि गाणं?"

आबांचा हात उजव्या कानाकडे गेला आणि तिथेच राहिला.

"गाणं गेलं ना? स्पीकर तेच आहेत, आबा. मेलाय तो तुमचा कान."

कुणीतरी फिस्सकन हसलं. "च्यायला, बहिरा मास्तर!" म्हणत एकानं ग्लास संपवला. तमाशा मिटला तशी माणसं पांगली आणि रसवंतीचे घुंगरू पुन्हा वाजायला लागले.

आबांनी हेडफोन काढला. मग गुणाजीला म्हणाले, "याला विचारा, दोन्ही बाजू एकाच कानात आणता येतात का."

"मला विचारा की, मी इथेच आहे," दगडू म्हणाला. तो काउंटरला वळसा घालून बाहेर आला आणि आबांच्या डाव्या अंगाला उभा राहिला. "हां. आता ऐकू येईल. पाच मिनिटांचं काम आहे. पण आधी चोर म्हणालात ते मागे घ्या."

गुणाजीनं डोळे वटारले. "जाव दे ना रे. म्हातारा मानूस."

"मघाशी म्हातारा नव्हता?"

आबांचे ओठ हलले. शिकवायची सवय चाळीस वर्षांची, हे बोलायची नव्हती. शेवटी ते म्हणाले, "तू चोरी केली नाहीस."

"लोकांसमोर म्हणालात चोर. लोकांसमोर बोला."

"दगडू चोर नाही!" आबा ओरडले. ऐकू न येणारी माणसं बोलतात तसं, नको इतकं मोठ्यानं. पण समोर होतं कोण? रस्ता रिकामा होता. रसवंतीत दोन नवीच पोरं बसली होती, त्यांनी वर बघितलं आणि पुन्हा ग्लासात तोंड घातलं. चोर म्हणताना जे हजर होते, त्यांतला एकही उरला नव्हता.

दगडूनं काम केलं. डबी उघडली, दोन वायरी एकत्र करून डावीकडे वळवल्या. आबांनी डोळे मिटले. गाणं आणि तबला दोन्ही एका कानात आले तेव्हा त्यांची बोटं काचेवर ठेका धरू लागली. समेवर मान हलली आणि दगडूनं पाहिलं, कपाळ लख्ख झालं होतं. त्यानं ठिपका दिला. त्याला दया आली नाही. दया येत नाही याचाच त्याला राग आला.

बोटं मध्येच थांबली. "तानाजीचा हात मेला नव्हता तर," आबा म्हणाले.

त्यांनी हेडफोन गळ्यात उतरवला.

"डोंबिवलीला कोपरच्या चाळीत राहायचा. त्याला उठवून दोन वर्षं झाली. जाऊन यायला हवं."

"एकटे जाऊ नका," दगडू म्हणाला. "क्लास घेऊन जा. ज्यांच्यासमोर उठवलंत, त्यांच्यासमोर सांगा."

आबांनी त्याच्याकडे पाहिलं. ऐकलं होतं हे नक्की. डबी आणि हेडफोन पिशवीत घालून ते गेले. तानाजीकडे गेले की नाही ते दगडूला कधीच कळलं नाही.

दुसऱ्या आठवड्यात शीळफाट्याहून एक नवीन गिऱ्हाईक आलं. हेडफोन हातातच धरून त्यानं गुणाजीला हळूच विचारलं, "स्पीकर काढून घेतलेले तो हाच काय?"

"नाय रे. तो सुटला त्याच्यातून," गुणाजी म्हणाला.

"तसं नाय, पन माझ्यासमोरच उघडायला सांगा हां."

दगडूनं मान वर केली नाही. संध्याकाळी दुकान बंद करताना मात्र त्यानं आपलं टेबल आतल्या भिंतीपासून ओढून पार पुढे आणलं आणि रस्त्याकडे तोंड करून लावलं. तेव्हापासून तो तिथेच बसतो. दुपारभर ऊन डोळ्यांवर येतं, धूळ उडून सोल्डरिंगवर बसते. पण येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला त्याचे दोन्ही हात दिसतात.