हाकेला ओ

“पाणी जरा बेताचं ठेव गं. मला धुवायचंय, शिजवायचं नाही,” मदर बीसली म्हणाल्या. वर्लीनने नळ थोडा फिरवला आणि मनगटाच्या आतल्या बाजूवर धार घेऊन पाहिली. मदर बीसलींची मान बेसिनच्या खोबणीत टेकली होती, डोळे मिटलेले होते. चर्चमधल्या त्या सगळ्यांत वयस्कर बाई. म्हणून वस्ती त्यांना मदर म्हणायची, आणि त्याही वस्तीतल्या कुणालाही पोटच्या पोरासारखं झापायच्या.

शनिवारची सकाळ होती. उद्या चर्चला डोकी नीट दिसायला हवीत म्हणून अर्नेटाच्या पार्लरमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. खिडकीपाशी तीन बायका ड्रायरच्या टोपांखाली बसल्या होत्या. त्या घरघराटात काही ऐकू येत नसल्यामुळे एकमेकींची गुपितं त्या ओरडून सांगत होत्या. शेगडीवर केस सरळ करायचा लोखंडी कंगवा तापत होता. हल्ली मेकन शहरातल्या पोरींनी केस गोल, मोकळे वाढवायला सुरुवात केली होती. अर्नेटा म्हणायची, देवाने दिले तसेच केस ठेवायचं सगळ्यांनी ठरवलं तर मी काय खाऊ?

दारावरची घंटी वाजली आणि मिस्टर क्रम्प आत आले.

बायकांच्या पार्लरमध्ये पुरुष सहसा येत नाही. त्यांनी टोपी काढून छातीशी धरली, सगळ्यांना मान लववली आणि दंडावरचा कापडी खोळीतला झगा दाराजवळच्या खुंटीला अडकवला. खोळीच्या तळातून पिवळ्या टिकल्यांची झालर दिसत होती. वर्लीनने ती पाहिली आणि पुन्हा मदर बीसलींच्या केसांत बोटं घातली.

क्रम्प हे रॉस्को टॉलिव्हरच्या गाण्याच्या कंपनीचे कारभारी आणि बसचे ड्रायव्हर. रॉस्को टॉलिव्हर म्हणजे जॉर्जियातला फंकचा, म्हणजे त्या नव्या ठसकेबाज नाचऱ्या संगीताचा राजा, निदान त्याच्या स्वतःच्या मते. काल त्याचा इथे कार्यक्रम झाला होता आणि दुपारी बस सव्हानाला निघणार होती. न्हाव्याच्या दुकानासमोर ती उभी होती; पार्लरच्या खिडकीतून तिचं नाक दिसत होतं.

क्रम्पनी हळू आवाजात निरोप सांगितला. रॉस्को म्हणतो, झालं गेलं विसरू. तुझी जागा अजून कुणाला दिलेली नाही. दुसरा माईक तुझाच. झगा धुऊन, टिकल्या लावून आणलाय. बसमध्ये तो स्वतः बसलाय, पण उतरून येणार नाही. तुला त्याचा स्वभाव माहीतच आहे.

“मदरचं डोकं झालं की सांगते,” वर्लीन म्हणाली.

तिने नाही म्हटलं नाही, हे अर्नेटाच्या कानांनी टिपलं. दोघी मावसबहिणी, एका अंगणात वाढलेल्या. अर्नेटाने शेगडीवरचा कंगवा उचलला.

नाही म्हणायला वर्लीनला तोंड राहिलं नव्हतं, हे खरं.

रॉस्कोच्या कंपनीत तिचं काम एकच होतं, ओ देणं. तो रंगमंचाच्या पुढे उभा राहून विचारायचा, “शहरात कोण आलं?” आणि मागच्या माईकवरून वर्लीनने म्हणायचं, “तूच आलास!” तो विचारायचा, “तुला कोण हवं?” की हिने म्हणायचं, “तूच हवास!” इतकी वर्षं हेच. तिच्या आवाजाला धार होती, दम होता. रॉस्कोचा घसा बसला की अख्खं गाणं तीच मागून उचलून धरायची. पण हाक त्याची आणि ओ हिची, हा कंपनीचा कायदा. बसचंसुद्धा तसंच. निघायच्या वेळी क्रम्प दोनदा भोंगा वाजवायचे, आणि कंपनीतला माणूस गावात जिथे असेल तिथून, जेवणावरून उठून, अर्ध्या दाढीच्या साबणानिशी “आलो!” म्हणून ओरडायचा. ज्याची ओ आली नाही त्याला दंड.

गेल्या हिवाळ्यात ती कंपनी सोडून बाहेर पडली आणि पोटापाण्यासाठी अर्नेटाकडे केस धुऊ लागली. एका छोट्या रेकॉर्ड कंपनीशी तीन सिंगल्सचा करार झाला. सिंगल म्हणजे दोन गाण्यांची लहान तबकडी, दर्शनी बाजूला एक आणि पाठीला एक. आणि ती चालली तरच पुढे मोठ्या तबकडीची आशा.

पहिलीत रेकॉर्ड कंपनीच्या ग्रेडीसाहेबांनी व्हायोलिनं घातली. ती इतकी रडली की वर्लीनला रडायला जागाच उरली नाही. तबकडी पडली.

दुसरी चालली, आणि तेच तिला जास्त लागलं. त्या धंद्यात एक रीत होती. एखाद्या पुरुषाचं गाणं गाजलं की महिन्याभरात कुणीतरी बाई त्याला उलट जबाब देणारं गाणं काढायची. त्या वर्षी रॉस्कोचं ‘बाई, घर सांभाळ’ गल्लोगल्ली वाजत होतं. वर्लीनने ‘घर तूच सांभाळ’ गायलं. लोक नाचले, हसले, आणि रस्त्यात तिला बघून म्हणू लागले, रॉस्कोला जबाब देते ती हीच. रॉस्कोला मुळीच राग आला नाही. कार्यक्रमात तो हसत म्हणाला, “बघा, सोडून गेली तरी ओ मलाच देते.”

ते वाक्य तिच्या कानापर्यंत आलं, आणि तिसऱ्या तबकडीसाठी ग्रेडीसाहेबांनी आणखी एक जबाब मागितला तेव्हा ती ताडकन उठून उभी राहिली. आता मी विचारणार, ती म्हणाली. ज्याला द्यायचं तो देईल उत्तर.

गाणं तिने स्वतः बांधलं. त्यात फक्त प्रश्न होते. प्रश्न विचारायचा आणि मग तेवढीच जागा मोकळी सोडायची. खाली ड्रम आणि बासचा ठेका तेवढा चालू. लहानपणी चर्चमध्ये ती हेच ऐकत आली होती. पाद्री वाक्य टाकून थांबतो, आणि थांबतो म्हणून बाकांवरून आवाज येतो. तो थांबलाच नाही, तर लोकांनी बोलायचं कधी?

पण स्टुडिओत भलतंच झालं. तिने प्रश्न विचारला आणि मोकळ्या जागेत तिच्याच तोंडातून उत्तर निघालं. पुन्हा घेतलं, पुन्हा तेच. जित्याची खोड. हाक कुणाचीही असो, स्वतःची असली तरी, ओ देऊन मोकळं व्हायचं. वादक हसायला लागले. शेवटी प्रत्येक प्रश्नानंतर तिने डाव्या हाताचा तळवा तोंडावर घट्ट दाबून धरला, आणि तसं गाणं पार पडलं. काचेपलीकडच्या माणसाला वाटलं, बाईला हुंदका येतोय. ग्रेडीसाहेबांनी त्या जागी ट्रम्पेट घालायचं म्हटलं. ती म्हणाली, ट्रम्पेट घातलंत तर माझं नाव काढून टाका.

नाव राहिलं, जागा राहिल्या. आणि परवा, गुरुवारी, शहरातल्या रेडिओचा निवेदक हॉलिस याने ती तबकडी लावली.

हॉलिस वाईट माणूस नव्हता. पण रेडिओवाल्याला शांततेचं भय असतं. क्षणभर आवाज थांबला की लोक बटण फिरवतात. पहिला प्रश्न झाला, मोकळी जागा आली. हॉलिसला वाटलं, काहीतरी बिघडलं. दुसरी जागा येताच त्याने सुई उचलली आणि अख्ख्या शहराला हसत सांगितलं, “मंडळी, आपल्या वर्लीनबाई ओळी विसरल्या. सवय आहे ना दुसऱ्याने सांगायची.”

तेव्हापासून ती घराबाहेर फक्त पार्लरला येण्यापुरती पडत होती. अर्नेटाने तबकडी लावते म्हटलं की तिचा हात धरायची. आणि आता तिला स्वतःलाच वाटू लागलं होतं, चुकलंच की काय आपलं. एवढी मोठी पोकळी सोडायची, ती कुणाच्या भरवशावर?

“रॉस्कोनं ऐकलं तुझं ते,” क्रम्प सांभाळून बोलत होते. त्यांच्या बोलण्यात कुचकेपणा नव्हता. “म्हणाला, अर्धं गाणं आहे. उरलेलं अर्धं मी आहे.”

अर्नेटाने कंगवा शेगडीवर ठेवला. हात पुसले. कोपऱ्यातल्या रेकॉर्ड प्लेअरचं झाकण उघडून तिने तबकडी बसवली.

“अर्नेटा, नको.”

“दुकान माझं आहे,” अर्नेटा म्हणाली, आणि सुई टेकवली.

आधी बास आला, मग ड्रम. मग वर्लीनचा आवाज, मधोमध, एकटा:

*चूल कोणी पेटवली?*

जागा आली. ठेका चालू राहिला. ड्रायर घरघरत होते. कुणी काही बोललं नाही. क्रम्पनी हातातली टोपी फिरवली आणि जमिनीकडे पाहिलं. त्यांना तिची कीव आली असावी, आणि ते तिला दिसलं.

*पोरं कोणी वाढवली?*

पुन्हा ठेका. पुन्हा कुणी नाही. वर्लीनचे साबणाचे हात मदर बीसलींच्या डोक्यावर तसेच थिजले होते.

टोपांखालच्या तिघी अर्नेटाच्या तोंडाकडे बघत होत्या. काय चाललंय, असं त्यांनी भुवयांनी विचारलं. तेव्हा कुठे अर्नेटाच्या ध्यानात आलं. भिंतीकडे जाऊन तिने ड्रायरचं बटण बंद केलं. दुकानात एकदम कान मोकळे झाल्यासारखं झालं. तिने सुई उचलून पुन्हा पहिल्यापासून लावली.

*चूल कोणी पेटवली?*

“मी पेटवली,” बेसिनमधून मदर बीसली म्हणाल्या. डोळे मिटलेलेच होते. “लाकडंसुद्धा मीच फोडली.”

*पोरं कोणी वाढवली?*

“मी!” टोपाखालून एक जण म्हणाली. “मी, आणि वर त्याच्या बहिणीची दोन,” दुसरी म्हणाली, आणि सगळ्या हसल्या. तरीसुद्धा ठेका सुटला नाही. तिसरीने चपलेने जमिनीवर ताल धरला होता.

*शिळं कोणी खाल्लं?*

आता कुणी कुणासाठी थांबलं नाही. सगळ्याच बोलल्या, प्रत्येकीचं वेगळं, प्रत्येकीचं त्या जागेत बरोबर मावणारं. अर्नेटा टेबलावर तळहात आपटत होती. पुढचा प्रश्न यायच्या आत जागा भरायची आणि प्रश्न आला की रिकामी व्हायची, श्वासासारखी. वर्लीनने हे गाणं डोक्यात असंख्य वेळा म्हटलं होतं. पुरं कधी ऐकलं नव्हतं. आता ऐकत होती.

*रात्रभर जागं कोण राहिलं?*

“मी,” मिस्टर क्रम्प म्हणाले.

बोलून गेल्यावर त्यांना कळलं. त्यांनी दचकून टोपी तोंडाशी नेली. पण कुणी हसलं नाही. अटलांटापासून मोबीलपर्यंतचे सगळे अंधारे रस्ते, मागच्या बाकांवर झोपलेली अख्खी कंपनी आणि चाकामागे जागा असलेला एकच माणूस, हे त्या दुकानात सगळ्यांनाच ठाऊक होतं.

“खरं आहे,” मदर बीसली म्हणाल्या. “तूच राहिलास, लेकरा.”

तबकडी संपली. सुई शेवटच्या रेघेत खरखरत राहिली, तोवर वर्लीनने हात पुसून खुंटीवरचा झगा काढला होता. खोळीची कड वर करून तिने झग्याच्या काखेतली शिवण बोटांनी चाचपली. ती तिनेच घातलेली होती, कुठल्याशा गावी, धावत्या बसमध्ये. मग खोळ नीट खाली ओढली आणि झगा क्रम्पच्या दंडावर ठेवला.

“त्याला सांगा, हाकेला ओ द्यायला दुसरी कुणी बघ.”

“पोरी, हे गाणं काही रेडिओवर वाजायचं नाही,” क्रम्प म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटत होतं. “हॉलिस पुन्हा लावणार नाही. तुझा करारही इथेच संपतो. मग काय करशील?”

“केस धुवीन,” वर्लीन म्हणाली. “आणि गाईन. आणि तुमच्या रॉस्कोला सांगा, माझ्या गाण्यात त्याची जागा आहे. वाटलं तर सगळ्यांबरोबर बाकावर बसून त्यानं ओ द्यावी. दंड नाही घेणार मी.”

टोपांखालच्या बायका फिस्सकन हसल्या. क्रम्प हसले नाहीत, पण टोपी डोक्यावर ठेवताना ते जरा जास्तच वाकले. दारावरची घंटी वाजली.

अर्नेटाने ड्रायर पुन्हा चालू करायला हात नेला आणि तसाच ठेवला. खिडकीतून दिसत होतं: क्रम्प रस्ता ओलांडून गेले, बसचं दार उघडलं, पिवळी झालर आत गेली. बराच वेळ काहीच झालं नाही.

मग भोंगा वाजला. दोनदा.

“आलो!” न्हाव्याच्या दुकानातून कुणीतरी ओरडलं. “आलो, आलो!” मासे तळणाऱ्या टपरीवरून दोघे एकदम. वरच्या गल्लीतून एका बाईचा बारीक आवाज आला, बहुतेक कंपनीत आता उरलेली एकटीच बाई. धावती पावलं, हाका, बसच्या पायऱ्या. मग सगळं शांत झालं.

आणि भोंगा तिसऱ्यांदा वाजला.

अशी रीत नव्हती. इतक्या वर्षांत तो तिसऱ्यांदा कधी वाजला नव्हता. लांब, एकच सूर, आणि त्याच्यामागे मोकळी जागा. अख्खी गल्ली त्या जागेत उभी होती. शेगडीवरचा कंगवा तापून लाल झाला तरी अर्नेटाला त्याचं भान नव्हतं.

वर्लीनने नळ सोडला. धार मनगटाच्या आतल्या बाजूवर घेतली, बेताची आहे ना पाहिलं, आणि दोन्ही हातांनी मदर बीसलींच्या केसांतला साबण काढू लागली. बाहेर बसने गियर टाकला, कोपरा वळला, आवाज नदीच्या पुलाकडे लांबत गेला.

तिचे दोन्ही हात पाण्यात होते. तोंडावर तळवा धरावा लागला नव्हता.