माझ्या वाट्याचं तेल

मित्रांनो, मी गवत कापायचा एक जुना कटर आहे. मला विकत घेण्यात नील्सनसाहेबांचा फायदा उघड होता. विसरवाडीच्या बंगल्यामागचं कमरेइतकं गवत जाणार, त्यातले साप जाणार, आणि दर वर्षी म्हातारी रूपीबाई विळा घेऊन त्यात वाकते, ते पाहून होणारी टोचणीही जाणार. साहेब विहिरींच्या कामासाठी सातासमुद्रापलीकडून आलेले. मनाने लोण्यासारखे. इथलं सगळं आपल्याला कळतं, असं मात्र त्यांना उगाच वाटायचं.

साठ-एकसष्ट साल असेल. मुंबईहून मागवलेला मी नवापूर स्टेशनात उतरलो. लांब दांडा, एका टोकाला इंजिन, दुसऱ्याला दातेरी चकती. विसरवाडीचा दुकानदार सुकलाल डोळे फाडून म्हणाला, "हाई काय शे रे अब्राहाम? बंदूक शे का पंखा?"

"साहेबाचं लाडकं लेकरू," साहेबांचा स्वयंपाकी अब्राहाम म्हणाला. "पेट्रोल पितं, तेही तेल घातलेलं!"

ते तेल मिसळायचं काम त्याच्याचकडे होतं. तेल नसलं तर इंजिन जळेल, हे साहेबांनी त्याला बजावून ठेवलं होतं.

दिवाळीनंतर गवत पिवळंधमक झालं. साहेबांनी मला खांद्याला अडकवलं आणि मी गरजलो. दुपारपर्यंत अर्धं रान भुईसपाट! गवताचा नुसता भुगा उडत होता. मला वाटलं, आता शाबासकी मिळणार.

कुंपणापाशी रूपीबाई विळा घेऊन उभी होती. तिने मूठभर भुगा उचलला आणि वाऱ्यावर सोडून दिला.

"तिला सांग, आता वाकायला नको!" साहेब आनंदाने म्हणाले.

"तुझ्या साहेबालाच विचार," ती अब्राहामला म्हणाली, "हा भुगा घेऊन घर कसं शाकारू?"

मी चक्रावलो. मग अब्राहामने साहेबांना सांगितलं, की ती कापणीची मजुरी घेत नाही, लांब गवताच्या पेंढ्या नेते. छप्पर कुजलंय. पावसाच्या आत नवं घालायचं, आणि आसपासचं सगळं गवत आधीच ज्याचं त्याने बोलून ठेवलेलं.

"म्हणजे तिची मजुरी बुडाली? देऊ की!" साहेब म्हणाले. "उरलेलं उद्या कापून टाकू."

"नोटांनी छप्पर गळायचं थांबतं का, साहेब?" अब्राहाम पुटपुटला. साहेबांनी ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने माझी टाकी भरली. घोट काहीतरी वेगळाच लागला. थोडं अंतर गेलो, घसा सुकला, धूर निघाला आणि मी कायमचा अडकलो.

"तेल घातलंस ना?" साहेब ओरडले.

"विसरलो, साहेब."

भाजीत मीठ कधी न विसरणारा माणूस! मला काही कळेना.

मग रूपीबाईने उरलेलं गवत विळ्याने कापलं, अब्राहामने पेंढ्या बांधल्या. तिची बैलगाडी म्हणे दर वर्षी करकरत, रडत जायची. यंदा हूं नाही की चूं नाही. चाकाच्या आसावर ताजं तेल चमकत होतं. वास ओळखीचा होता. साहेबांनी चाकाकडे पाहिलं, मग अब्राहामकडे.  खाली पडलेली एक पेंढी उचलून त्यांनी गाडीत ठेवली.

मित्रांनो, यंत्राला वेळेवर तेल पाजा. पण त्याआधी गवत कुणाचं, एवढं विचारून घ्या. मला हा हिशेब अजून उलगडत नाही. चूक साहेबांची, युक्ती अब्राहामची. आणि भरपाई? अर्धी रूपीबाईने केली, गवत अर्धंच उरल्याने जुन्या राहिलेल्या अर्ध्या छपराखाली पावसाळाभर भांडी मांडून. बाकीची मी करतोय, अडगळीत गंजून.