लाल फडकं

वठलेलं झाड पाडायचं होतं आणि शेजारचं, तिच्या वडिलांनी लावलेलं, राखायचं होतं. घोळ नको म्हणून तिने वडिलांच्या झाडाला लाल फडकं बांधलं आणि ती कामावर गेली.

परतली तेव्हा त्याच झाडाचे ओंडके अंगणात पडले होते.

"ताई, खूण केलेलंच आम्ही पाडतो," झाडं तोडणारा गोंधळून म्हणाला. "तरी हिरवंगार बघून साहेबांना विचारलं. ते म्हणाले, हेच पाडा."

पायरीवर नवरा निवांत चहा पीत होता. "तूच बांधलंस ना? सासरेबुवांचा पाला झाडून कंबर मोडली होती माझी."

तिने ओंडक्यावरचं फडकं सोडलं.

"वठलेलं आता पाडू?" तोडणाऱ्याने विचारलं.

"राहू दे," नवऱ्याकडे बघत ती म्हणाली. "त्याची सवय आहे मला."